नागपूरच्या वाचनालयांना खुलं पत्र : जुने विनोदी अंक आणि कॉमिक्स रद्दीत टाकायच्या आधी एकदा विचारा

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांचे अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणीतले सगळे आणि ग्रंथपाल ताई-दादा,

नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येते. मार्च जवळ आला की तुमच्यापैकी बऱ्याच ठिकाणी जुन्या अंकांची छाटणी निघते. म्हणजे बैठकीत ठराव, मग यादी, दाखल रजिस्टरमध्ये लाल रेघ, आणि गठ्ठे किलोच्या भावाने कबाडीवाल्याच्या ठेल्यावर. आणि त्यात सगळ्यात आधी काय जातं तर विनोदी दिवाळी अंक आणि कॉमिक्स. कादंबरी राहते, चरित्रं राहतात, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना तर नवीन रॅक येतो, पण 'आवाज', 'जत्रा', 'मार्मिक'चे जुने अंक, इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे, चांदोबा, हे सगळं "टाइमपासचं आहे" म्हणून पहिलं बाहेर. माझी विनंती एवढीच की हे थांबवा, आणि जागेअभावी थांबवणं खरंच शक्य नसेल तर निदान टाकायच्या आधी आम्हाला सांगा. आम्ही म्हणजे या शहरातले हे जमवणारे, वाचणारे लोक, जे बर्डीवरच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांवर आणि इतवारीतल्या रद्दीच्या गोदामांत हेच अंक शोधत फिरत असतात.

मी नागपूरचीच आहे, शाळेत शिकवते आणि कॉलेजात असल्यापासून जुनी कॉमिक्स आणि विनोदी मासिकं जमवते. हे पत्र लिहायला कारण असं घडलं की एका जुन्या वाचनालयात (नाव घेत नाही, तिथली माणसं चांगली आहेत आणि एकट्या त्यांचाच हा प्रश्न नाही) 'आवाज'ची मोठी फाइल आहे असं कळलं म्हणून मी गेले. ग्रंथपाल ताईंनी प्रेमाने रजिस्टर काढून दाखवलं, पानंच्या पानं नोंदी, सुंदर अक्षरात, वर्ष, किंमत, दाखल क्रमांक सगळं, आणि प्रत्येक नोंदीवर रेघ. नुकतंच सगळं गेलं होतं. मी तशीच गोदामावर गेले तर तिथला भाऊ म्हणाला की माल गाडीत भरून कागद कारखान्याला रवाना झाला. कुणीतरी इतकी वर्षं ते अंक सांभाळले, कव्हर घातली, नंबर टाकले, आणि एका दुपारी ते सगळं लगदा व्हायला निघून गेलं. मला त्या रात्री झोप लागली नाही हे अगदी खरं सांगते.

आता तुम्ही म्हणाल त्यात एवढं काय, जुने विनोद आहेत, कोण वाचतं. तर काय आहे ते सांगते.

'आवाज' मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केला. त्यातली खिडकीचित्रं तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असतील, पानाला कापलेली खिडकी, त्यातून मागच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी भलतंच आहे, पान उलटलं की साधंसुधं घरगुती चित्र. आता विचार करा, ही गोष्ट स्कॅनमध्ये कशी येणार? येत नाही. खिडकी हाताने उलटावी लागते, कागदच लागतो. वाचनालयातल्या बऱ्याच प्रतींमध्ये त्या खिडक्या फाटलेल्या असतात, पोरासोरांनी नाही तर मोठ्यांनीच ओढून ओढून फाडलेल्या, म्हणून ज्या प्रतीत खिडक्या धड आहेत ती प्रत दिसली की आमच्यासारख्यांचा जीव वरखाली होतो. 'मार्मिक' तसंच. १३ ऑगस्ट १९६० ला बाळ ठाकरे आणि श्रीकांत ठाकरे या दोघा भावांनी काढलं, उद्घाटनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. पुढे त्यातून राजकारण काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण 'रविवारची जत्रा' या पानांवरची रेषा बघायची असेल, एका ब्रशच्या फटकाऱ्यात माणूस कसा उभा केलाय ते बघायचं असेल तर अंकच हातात पाहिजे, नंतरच्या पुस्तकात निवडक चित्रं येतात, त्या आठवड्याला त्या चित्राच्या शेजारी काय छापलं होतं ते येत नाही. आणि 'मोहिनी'ची शि. द. फडणीसांची मुखपृष्ठं! एक शब्द नाही आणि अख्खी गोष्ट. ती मुखपृष्ठं तर बाइंडिंग करताना कापूनच टाकली जातात, त्यावर पुढे बोलते.

या अंकांमध्ये इतिहास भरून ठेवलाय आणि तो इतिहासाच्या पुस्तकात मिळत नाही. रॉकेलची रांग, रेशनचा लाल गहू, फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावणं, स्कूटरचं बुकिंग, चाळीतला पहिला टीव्ही. ७२ च्या दुष्काळाचे आकडे सरकारी अहवालात आहेत, पण माणसं तेव्हा कशावर चिडत होती आणि कशावर हसत होती ते व्यंगचित्रात आहे. शेवटच्या पानावरच्या जाहिराती तर वेगळाच खजिना. माझ्या वर्गातल्या मुलांना मी सत्तरच्या दशकातला एक अंक दाखवला तर तासभर त्यांनी मान वर केली नाही, प्रश्नावर प्रश्न, टीचर हे काय आहे, असं काहून करत होते लोक, ट्रंक कॉल म्हणजे काय. पाठ्यपुस्तकाने एवढे प्रश्न कधी पडले नव्हते.

दिल्लीचं 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक घ्या. के. शंकर पिल्लईंनी १९४८ मध्ये काढलं, स्वतः पंडित नेहरूंनी त्यांना सांगितलं होतं की मलाही सोडू नका, आणि त्यांनी खरंच सोडलं नाही. अबू अब्राहम, ओ. व्ही. विजयन यांच्यासारखे लोक तिथे घडले. १९७५ मध्ये आणीबाणी लागल्यावर दोनेक महिन्यांत ते बंद झालं. असं साप्ताहिक परत निघणार नाही. म्हणून ज्याच्याकडे चार अंक आहेत त्याने ते चार अंक जपायचे, दुसरा उपाय नाही.

आता कॉमिक्सकडे येते कारण खरं सांगायचं तर माझा जास्त जीव तिथेच आहे.

इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं, पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे, आणि १९९० मध्ये बंद झालं. आठशेच्या वर अंक निघाले. वेताळ (म्हणजे फँटम), मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा आपला बहादूर. मला कुणी म्हणतं की अगं वेताळ तर अमेरिकेचा, ली फॉकचा, तिकडे सगळं छापून तयार आहे, हे जुने फाटके अंक कशाला? तर तिकडच्या वर्तमानपत्रातल्या पट्ट्या इथे आणून त्या आपल्या पानाच्या आकारात बसवल्या, कापल्या, जुळवल्या, पुन्हा रंगवल्या, आणि सुरुवातीच्या कितीतरी अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद या आपल्या चित्रकाराने खास रंगवली. ती मुखपृष्ठं अमेरिकेत नाहीत, कुठेच नाहीत, फक्त या अंकांवर आहेत. आणि मराठीतले इंद्रजाल तर इंग्रजी-हिंदीपेक्षाही शोधायला कठीण, माझा तरी असाच अनुभव आहे. एखादा जुना चांगला अंक आज हजारांत विकला जातो, आणि तोच अंक तुम्ही रद्दीत दिला तर चार रुपयेसुद्धा येत नाहीत. पैशाची गोष्ट मी मुद्दाम करतेय कारण कार्यकारिणीत शेवटी कोणीतरी हिशेब विचारतंच.

चांदोबा १९५२ पासून मराठीत आला, मद्रासहून नागी रेड्डी आणि चक्रपाणींनी काढलेला, त्यातली विक्रम-वेताळाची शंकर यांची (हे वेगळे शंकर) चित्रं बघत दोन-तीन पिढ्या वाढल्या. अमर चित्र कथा १९६७ पासून. हे थोडंफार पुन्हा छापलंही जातं, म्हणून त्याची मला कमी काळजी.

नागपूरची म्हणून एक वेगळी गोष्ट आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या वाचनालयांना लागू होत नाही. १९५६ पर्यंत आपण आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतो, हिंदी आणि मराठी दोन्ही घरात, दोन्ही दुकानात. म्हणून इथल्या जुन्या कपाटात 'किशोर'च्या शेजारी 'पराग' आणि 'लोटपोट' सापडतं, 'आवाज'च्या खाली 'दीवाना' निघतो, तोच तो मुखपृष्ठावर चिल्ली हे पात्र असणारा, अमेरिकेच्या 'मॅड' या विनोदी मासिकाच्या वळणावर काढलेला, आणि प्राण साहेबांचे चाचा चौधरी तर धरूनच चाला. 'मॅड' स्वतः १९५२ मध्ये साधं कॉमिक बुक म्हणून निघालं आणि १९५५ मध्ये चोविसाव्या अंकापासून मासिकाच्या रूपात आलं, त्याचेही सुटे अंक मला बर्डीवरच मिळालेत. एवढी मिसळ दुसऱ्या कोणत्या शहरात एकाच गठ्ठ्यात निघत असेल असं मला वाटत नाही. अशा गठ्ठ्यातून "हिंदी आहे, आपल्याकडे कोण वाचतो" म्हणून अर्धा भाग वेगळा काढून फेकला की त्या शहराची ओळखच फेकली ना.

आणि विनोदाचं आपल्याला वावडं आहे असंही नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महालात, इतवारीत जाऊन बघा, मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे ज्याची टर उडवायची त्याचे पुतळे, महागाईचा बडगा, भ्रष्टाचाराचा बडगा, ज्या पुढाऱ्यावर राग त्याचा बडगा, हजारो लोक रस्त्यावर, "घेऊन जा गे मारबत" करत. सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त जुनी ही प्रथा, सत्तेची इतकी उघड टर उडवणारा दुसरा सण मला माहीत नाही. मराठी विनोदी लेखनाचा पाया ज्यांनी घातला ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरसुद्धा आपल्या विदर्भात, खामगाव-जळगाव जामोदकडे वकिली करत होते. पण बडग्याचं काय होतं, तो त्याच दिवशी जाळला जातो, जाळायलाच बनवतात. साठ साली लोक बडग्यावर काय लिहीत होते ते आज कुणाला सांगता येणार नाही. त्या काळची टर आज वाचायची असेल तर ती छापील अंकातच आहे, आणि ते छापील अंक तुमच्या कपाटात आहेत. म्हणून पत्र तुम्हाला लिहिते आहे.

अमेरिकेत काय झालं ते ऐका. सुपरमॅन जिथे पहिल्यांदा आला तो 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा १९३८ चा पहिला अंक, किंमत १० सेंट, छापला होता लाखांनी, आज त्याच्या जेमतेम शंभराच्या आसपास प्रती उरल्यात असं मानतात. बाकीच्या कुठे गेल्या? रद्दीत. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कागद गोळा करायची मोहीम काढली आणि पोरांनी देशासाठी म्हणून आपली कॉमिक्स नेऊन दिली. २०२४ मध्ये त्यातली एक प्रत ६० लाख डॉलरला विकली गेली. आपल्याकडे युद्ध नाही, सक्ती नाही, नुसती जागा नाही म्हणून हेच होऊन राहिलंय.

जपलं तर काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं आणि आज त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. कोणत्याही गावातलं पोरगं मोबाइलवर उघडून वाचू शकतं. हे कशामुळे झालं, तर अंक होते म्हणून झालं. अंकच नसते तर कितीही मोठा स्कॅनर आणून काय उपयोग.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते, आणि यात पैसे फार लागत नाहीत.

पहिलं, छाटणीची यादी ठरावाच्या आधी नोटीस बोर्डावर लावा आणि तिचा फोटो सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. महिनाभर राहू द्या. एवढ्यानेच अर्धं काम होईल. यादीत विनोदी अंक, बालमासिकं आणि कॉमिक्स वेगळी दाखवा, "इतर नियतकालिके, नग इतके" असं लिहू नका कारण त्यात काय आहे ते कुणालाच कळत नाही.

दुसरं, तुमच्यातल्या तुमच्यात बोला. धरमपेठेत एखाद्या अंकाच्या तीन प्रती असतात आणि महालात त्याच वर्षाची जागा रिकामी असते, दोन्हीकडे कुणाला पत्ता नाही. सगळ्यांनी नुसती मासिकाचं नाव आणि वर्ष एवढी यादी एकत्र केली तर जास्तीच्या प्रती अदलाबदल करून निदान एका ठिकाणी तरी सलग फाइल उभी राहील. ती कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवा, एखाद्या मोठ्या वाचनालयात ठेवा, विदर्भ साहित्य संघाशी बोला, पण शहरात एक जागा असू द्या जिथे कुणीही जाऊन म्हणू शकेल की मला साठ सालचा 'आवाज' बघायचाय. कुणी म्हणेल की कायद्याने प्रत्येक नियतकालिकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाते, मग आपण कशाला. कायदा आहे, १९५४ चा, दोन वर्षांनी त्यात नियतकालिकंही आली. पण प्रत्येक प्रकाशकाने प्रत्येक अंक पाठवलाच असेल असं धरून आपल्याकडचा अंक लगद्याला देणं मला पटत नाही, आणि नागपूरच्या पोराने 'जत्रा' बघायला कोलकात्याला काहून जावं?

तिसरं, बाइंडिंग. कृपा करून बाइंडरला सांगा की मुखपृष्ठ आणि जाहिरातीची पानं काढायची नाहीत, कडा खोलवर कापायच्या नाहीत. शिक्का मुखपृष्ठावरच्या चित्राच्या मधोमध मारू नका, आत कोपऱ्यात मारा. फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात नको, काही वर्षांत ती पिवळी पडून चिकट डाग सोडते आणि डाग निघत नाही. लॅमिनेशन तर नकोच नको. पिन गंजल्या असतील तर हळूच काढून पांढऱ्या सुती दोऱ्याने टाका घाला, गंज कागद खात जातो.

चौथं, कूलर. हे मी जोर देऊन सांगते कारण बाहेरच्या तज्ज्ञांना हे सुचत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्री, मग वाचनकक्षात डेझर्ट कूलर लागतात आणि त्यांची ओली हवा थेट कपाटावर जाते. दिवसभर कागद ओल धरतो, संध्याकाळी कूलर बंद झाला की परत सुकतो, रोज हेच, त्यात न्यूजप्रिंटचा कागद मुळातच आम्लाचा आणि कमकुवत, तो पिवळा पडून कडक होतो आणि पान उलटताना तुटतो. पावसाळ्यात मग बुरशी आणि कसर. कूलर वाचकांसाठी पाहिजेच, त्यात वाद नाही, फक्त जुन्या अंकांचं कपाट कूलरच्या झोतातून हलवा, भिंतीपासून थोडं दूर आणि जमिनीपासून उंच ठेवा म्हणजे वाळवीही लवकर दिसते, आणि अंक उभे कोंबण्यापेक्षा आडवे, थोडे थोडे रचा.

पाचवं, स्कॅनिंग. कॉपीराइटच्या भीतीने बरेच जण हात लावत नाहीत आणि काही उत्साही लोक पीडीएफ करून सगळ्या ग्रुपवर पाठवतात, दोन्ही चूक. लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे असं वाटत सुटणं बरोबर नाही, त्यांच्या घरच्यांचा हक्क आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच सोय आहे की बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत करून ठेवता येते. म्हणजे हे काम कायद्याने तुम्हीच करू शकता, माझ्यासारख्या घरी जमवणाऱ्याला ती मुभा नाही. आणि त्यासाठीसुद्धा मूळ प्रत तुमच्याकडे असायला हवी हे लक्षात घ्या.

एक शंका तुमच्या मनात असणार, आणि ती रास्त आहे, की हे जमवणारे लोक फुकटात अंक नेतील आणि ऑनलाइन विकतील. होतं असं, मी नाकारत नाही. म्हणून मी अंक मागतच नाहीये. अंक तुमचे आहेत, तुमच्याकडेच राहू द्या. मला आणि माझ्या ओळखीच्या चार जणांना फक्त कपाट उघडून द्या. आम्ही रविवारी येऊ, धूळ झटकू, वर्षाप्रमाणे लावू, यादी टाइप करून देऊ, तुमच्यातलं कुणीतरी समोर बसलेलं असू द्या. आणि जे खरंच काढायचंच असेल, जास्तीच्या प्रती वगैरे, ते सभासदांसमोर लिलाव करून विका, रद्दीपेक्षा कितीतरी जास्त पैसे येतील आणि ते वाचनालयालाच मिळतील.

मला माहीत आहे तुम्ही किती कमी पैशात हे चालवता. अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे येणारं अनुदान, तेही वेळेवर नाही, ग्रंथपालांचा पगार सांगायला लाज वाटावी एवढा, आणि तरी रोज संध्याकाळी कुलूप उघडलं जातं. जे अंक आजवर वाचले ते तुमच्यामुळेच वाचले, सरकारमुळे नाही आणि जमवणाऱ्यांमुळेही नाही. म्हणूनच हे तुमच्याकडे मागते आहे.

यंदाची यादी झाली असेल तर ठराव व्हायच्या आधी ती एकदा बोर्डावर लावा. आणि कपाटं आत्ताच हलवा, होळीनंतर कूलर सुरू होतील.

आपली,
एक सभासद आणि वाचक
नागपूर